मूळ गाव विचारले तर काय सांगायचे?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रे मी बाजूला काढून ठेवली होती. ती घणसोली, कोपरखैरणे आणि ठाणे येथून आली आहेत. लिहिणाऱ्यांचे वय, घर आणि समाज यांत काहीच साम्य नाही, तरी तिघांची तगमग एकाच जातीची आहे. पहिल्या पत्राला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्याचे उत्तर लिहिताना मला माझेही एक जुने देणे आठवले.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. आमचे घर घणसोलीत, पण सेक्टरमध्ये नव्हे, गावठाणात आहे. आम्ही आगरी. आजोबांची भातशेती आणि खाडीलगतचे खाजण नव्या शहरासाठी गेले तेव्हा माझे बाबा शाळेत होते. माझे शिक्षण वाशीला इंग्रजी माध्यमात झाले आणि आता मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत काम करते. ऑफिसात नवीन कोणी आले की ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न ठरलेला असतो. कोणी सांगलीचे असते, कोणी अकोल्याचे, कोणी थेट त्रिशूरचे. मी ‘घणसोलीची’ म्हटले की समोरची व्यक्ती हसून म्हणते, ‘ते कळलं गं, पण मूळ गाव?’ मे महिन्यात सगळे गावी जातात. मी कुठे जाऊ? माझे गाव हेच आहे, आणि तेच मला कुठे दिसत नाही. आजीला घरात सगळे बय म्हणतात. ती आगरीत बोलते, मला अक्षर अन् अक्षर कळते, पण उत्तर माझ्या तोंडून पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत येते. शाळेत ती मला न्यायला यायची तेव्हा तिचे बोलणे मैत्रिणींच्या कानावर पडू नये म्हणून मी लांब उभी राहत असे. ती आठवण आजही रात्री मला जागे ठेवते. सरकारी कागदावर आम्ही ‘प्रकल्पग्रस्त’ आहोत. बाहेरच्यांच्या लेखी आगरी म्हणजे हळदीचा डीजे आणि गळ्यातले सोने, आणि आमच्या घरातल्या मुलांनाही आता तसेच वाटू लागले आहे. त्यात मी मला सापडत नाही. गेल्या वर्षी मी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले होते. नाव, जात, गाव म्हणजे तू नव्हेस, असे तिथे सांगितले गेले तेव्हा हलके वाटले. परतताना घणसोली स्टेशनवर उतरले आणि प्रश्न जिथल्या तिथे उभा होता. मी नक्की कोण आहे, आणि शोधायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुझ्या वयाची माझी नात आहे, म्हणून मी तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

आधी ‘ओळख’ या शब्दाकडे पाहू. ‘त्यांची आणि आमची जुनी ओळख आहे’ असे आपण म्हणतो आणि ‘माझी ओळख काय?’ असेही विचारतो. दोन्हीकडे शब्द एकच आहे, आणि दोन्हीकडे ओळखणारे दुसरे माणूस लागते, कारण ओळख एकट्याने होत नाही. स्वत्व मात्र आपल्याशी आपण कसे वागलो त्यातून घडते आणि त्याला साक्षीदार नसला तरी चालते. तुझ्या पत्रात हे दोन्ही एकमेकांत गुंतले आहेत. ऑफिसातल्या प्रश्नाने दुखते ती तुझी ओळख. बयपासून लांब उभी राहिलीस त्या आठवणीने दुखते ते तुझे स्वत्व. पहिल्या दुखण्याचे कारण इतिहासात सापडते आणि ते समजून घेतले की त्याचा ठणका बराच उतरतो. दुसऱ्याला मात्र काहीतरी करावे लागेल.

इतिहास तुला घरातून ठाऊक असेल, तरी सलग सांगते. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. यातली एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. घेतली गेली ती शेती, खाजणे आणि मिठागरे. माणसे राहत होती ती गावठाणे जागच्या जागी राहिली. म्हणजे घरे उरली आणि ती घरे ज्याच्यावर जगत होती ते सगळे गेले. धरणाखाली गेलेल्या गावाची माणसे निदान असे म्हणू शकतात की आमचे गाव अमुक ठिकाणी होते. तुमचे गाव होते तिथेच आहे, त्याचे मंदिर, विहीर, गल्ल्या आहेत, कुटुंबे वाढली तशी गरजेपोटी बांधलेली घरेही आहेत. फक्त गावाला गाव करणारे शिवार राहिले नाही. ‘ते मला दिसत नाही’ असे तू लिहितेस तो तुझ्या मनाचा खेळ नाही. जे दिसत नाही ते खरोखरच तिथे उरलेले नाही.

भोवती जे शहर वसले त्यात बहुतेक सगळे बाहेरून आले, त्यामुळे प्रत्येकाला ‘मूळ गाव’ असणारच हे तिथे गृहीत धरले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. इथे आधीपासून कोणी राहत होते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. गावांची नावे रेल्वेच्या फलकांवर आली, पण तीही कशी, ते पाहा. जुई गावाला ‘नगर’ लागून जुईनगर झाले आणि दारावे हे नाव सीवूड्सच्या मागे एका जोडरेघेनंतर उभे राहिले. रोज हजारो माणसे ही नावे उच्चारतात आणि ती गावांची नावे आहेत हे त्यांच्या मनातही येत नाही.

आता ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाविषयी. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या रांगेतला तो शब्द आहे आणि कोणत्याही माणसाला आयुष्यभर पांघरायला तो फार तोकडा आहे, कारण तुमच्यावर काय ओढवले एवढेच तो सांगतो, तुम्ही काय होता आणि काय करत होता हे सांगत नाही. तरीही तो तिरस्काराने फेकून देऊ नकोस. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मरण पावले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून उभी राहिली. तुझ्या बाबांच्या कपाटातला दाखला ज्या हक्कासाठी आहे तो कोणी सहज हातावर ठेवलेला नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी बेलापूरला सिडकोच्या कार्यालयावर लोटलेली माणसे मी दूरचित्रवाणीवर पाहिली, तेव्हा मला वाटले की तू विचारतेस तोच प्रश्न ही माणसे मोठ्याने विचारत आहेत : आम्ही इथले आहोत हे कुठेतरी लिहिलेले दिसेल का?

इथवर ओळखीचे झाले. आता बयकडे येते, आणि माझ्या देण्याकडेही.

मी ३१ वर्षे मराठी शिकवले, त्यातली काही वर्षे नवी मुंबईतल्या एका शाळेत. पाचवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘आमच्या घरामागं एक झार हाय.’ मी लाल शाईने ‘झार’चे ‘झाड’ केले. तेवढ्यावर थांबले असते तर ते माझे कामच होते. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले आणि वर्ग हसला. तो मुलगा वर्ष संपेपर्यंत माझ्या तासाला आपण होऊन एक शब्द बोलला नाही. मी ज्याला चूक म्हणत होते तो त्याच्या बोलीचा नियम होता, हे मला फार उशिरा कळले. आगरीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो आणि शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येणाऱ्या ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून डोळा तिथे ‘डोला’, पाणी ‘पानी’, गाडी ‘गारी’ आणि झाड ‘झार’ होते. ‘मला’च्या जागी ‘मना’ येते. चूक अशी शिस्तीने, प्रत्येक शब्दात, गावोगावी सारखी होत नसते. शाळेत प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, हे माझे मत आजही आहे. ती शिकवण्यासाठी मुलाच्या आईची बोली हसण्यावारी न्यावी लागत नाही, एवढे मात्र मला कोणीतरी वेळेवर शिकवायला हवे होते.

हे मी तुला का सांगते? शाळेच्या फाटकाशी तू लांब उभी राहिलीस ती लाज तुझ्या पोटात जन्मलेली नव्हती. माझ्यासारख्या माणसांनी ती तुझ्या हाती दिली आणि तू लहान होतीस म्हणून घेतलीस. आठ-दहा वर्षांच्या मुलीला त्याची शिक्षा सत्ताविसाव्या वर्षापर्यंत देत राहणे अन्यायाचे आहे. त्या मुलीला माफ कर. आजची तू मात्र मोठी आहेस, आणि बय अजून आहे.

सुरुवात तिच्यापासूनच कर, पण ‘आपली संस्कृती काय आहे?’ असे तिला विचारू नकोस, कारण त्यावर ती ‘मना काय म्हाईत’ म्हणेल आणि दोघींचाही हिरमोड होईल. हाताला लागेल असे विचार. खाजणाच्या बांधाला उघाडी कुठे होती, भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून ती कोण राखायचे, उधाणाला बांध फुटला तर गाव कसे धावायचे? कोणत्या शेताला काय नाव होते? खाडीच्या चिखलात निवट्या कशा धरायच्या, खुबे कुठे मिळायचे, जिताडा घरी आला की त्याचे वाटे कसे पडायचे? फोनवर हे सगळे ध्वनिमुद्रित कर आणि रोज एक-दोनच प्रश्न विचार, म्हणजे तिची दमछाक होणार नाही. जमले तर रिक्षा करून तिला खाडीकडे घेऊन जा आणि शेत कुठे होते ते दाखवायला सांग. तिथे आता इमारत असेल. तिने त्या इमारतीकडे बोट दाखवले की ती तुझ्यासाठी नुसती इमारत राहणार नाही.

धवल्यांचे, म्हणजे लग्नातल्या पारंपरिक गाण्यांचे, तिला आवर्जून विचार. आगरी लग्नात धवलारीण गाण्यांतून एकेक विधी सांगत, त्याचा अर्थ उलगडत नेते. म्हणजे लग्न लागताना ज्या आवाजाला मान आहे तो एका बाईचा आवाज आहे, आणि ती विद्या एका बाईने दुसरीकडून ऐकून घेतलेली असते. हळदीचा डीजे मला स्वतःला सोसत नाही, पण तरुण मुलांच्या आनंदावर विरजण घालण्याचा मला अधिकार नाही. तुझ्या भावंडांना आगरीपण म्हणून डीजेच माहीत आहे, कारण धवल्यांकडे त्यांना कोणी नेलेच नाही. बयच्या माहितीत एखादी धवलारीण अजून असेल तर तिला भेटायला उशीर करू नकोस.

राहिले ते शिबिर. तिथे सांगितले गेले ते खोटे नाही. जन्मलेले मूल ‘कोऽहं’ म्हणून रडते असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्याचे उत्तर नाव-गावाच्या पलीकडे आहे हेही परंपरेने सांगितले आहे. पण सोडायचे म्हटले तरी आधी ती वस्तू हातात असावी लागते. ज्याची लाज वाटते ते बाजूला ठेवले की हलके वाटते खरे, मात्र ते वैराग्य नसते. ती वस्तू घरातच कुठेतरी दडवलेली असते आणि म्हणूनच तुला ती स्टेशनवर उतरल्याबरोबर भेटली. ध्यान चालू ठेव, त्याच्याआड मी येत नाही. त्याच्या बरोबरीने बयशी रोज एक वाक्य तिच्या बोलीत बोल. सुरुवातीला चुकशील, ती हसेल, आणि बहुधा त्या हसण्यात तुझ्या फाटकापाशी उभे राहण्याचा हिशेब कुठेही नसेल.

ऑफिसात कोणी विचारलेच, तर ‘घणसोली, आणि मूळची पण घणसोलीच’ असे सांग आणि समोरच्याला वेळ असेल तर ९५ गावांची गोष्टही सांग. त्रिशूरच्या त्या सहकाऱ्याला ती नक्की आवडेल.

प्रश्न : माझे वडील वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या टोळीत माथाडी होते. गाव पाटण तालुक्यात, सातारा जिल्हा. माझा जन्म आणि सगळे आयुष्य कोपरखैरण्यात गेले, आता वय ३४ आहे. गावी गेलो की ‘मुंबईकर आले’ म्हणतात, इथे ‘घाटावरचे’ म्हणतात. वडील वारले, गावचे घर पडायला आले आहे. चुलतभाऊ वाटा विकत घ्यायला तयार आहे. विकले तर मुळे तुटतील अशी भीती वाटते, ठेवले तर वर्षातले चार दिवस वगळता कुलूप लागलेले राहील. मी काय करावे?

उत्तर : घर विकण्याचा निर्णय भीतीपोटी लांबवू नका. कुलूप लावलेले घर पावसात चार-पाच वर्षांत खाली येते आणि पडक्या भिंतीपाशी कोणाचीच मुळे टिकत नाहीत. घरात राहायला चुलतभाऊ असेल, तर यात्रेला उतरायला तुम्हाला हक्काचा उंबरा राहील आणि तो नांदता असेल. देव्हारा आणि वडिलांची एखादी वस्तू मात्र व्यवहार होण्याआधी बोलून, मानाने मागून घ्या.

तुमच्या पत्रात जे नाही त्याविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. मुळे म्हणून तुम्ही फक्त पाटणकडे पाहता आणि वडिलांच्या कामाचा उल्लेख एका वाक्यात उरकता. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी ही विखुरलेली माणसे संघटित केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यातून रोजंदारीवरच्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा अशा गोष्टी मिळू लागल्या, ज्या त्याआधी त्याच्या स्वप्नातही नव्हत्या. मशीद बंदर आणि भायखळ्याच्या बाजारपेठा वाशीला आल्या तेव्हा ही माणसे त्यांच्यामागे खाडी ओलांडून आली, आणि कोपरखैरण्यातल्या वस्त्या त्यांनीच नांदत्या केल्या. टोळीत एका गावाची, एका खोऱ्याची माणसे असायची. मुकादम ओळखीचा, डबा ओळखीचा, शिव्यासुद्धा ओळखीच्या. म्हणजे वडिलांनी गाव मागे ठेवले नव्हते, बाजारात ते रोज त्यांच्या शेजारी गोण्या उचलत होते. त्या टोळीतले जे कोणी हयात असतील त्यांच्याकडे मुलांना घेऊन एकदा जाऊन या. वडिलांचा हूक घरात असेल तर तो माळ्यावर टाकू नका.

‘मुंबईकर’ या हाकेने तुम्हाला परके वाटते. तुमच्या भागात यात्रेची वर्गणी, मंदिराचा जीर्णोद्धार आणि तालमीच्या खर्चासाठी गाव ज्यांच्याकडे पाहते ते मुंबईकरच असतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. ती गावातलीच एक जागा आहे. ती रिकामी राहू देऊ नका.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा बेने इस्राएली, म्हणजे कोकणात रुजलेल्या ज्यू समाजातला, ठाण्यात जन्मलो आणि इथेच निवृत्त झालो. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. दोन्ही मुले इस्राएलमध्ये आहेत आणि मी तिकडे यावे असे म्हणतात. माझे आडनाव ‘कर’ने संपते, म्हणून इथे कोणालाही काही वेगळे वाटत नाही, मग शनिवारी मी प्रार्थनेला जातो हे कळले की विचारतात, ‘म्हणजे तुम्ही पारशी का?’ तिकडे गेलो की ‘होदी’ म्हणजे हिंदी माणूस ठरेन. परवा फोनच्या पडद्यावर नातवाने मोडक्या मराठीत विचारले, ‘आजोबा, आपण ज्यू की इंडियन?’ मला उत्तर आले नाही. माझ्यात खोलवरचे ते कोणते, हे या वयातही मला माहीत नाही याचे वाईट वाटते.

उत्तर : आपल्या पत्राला उत्तर लिहिण्याआधी मी टेंभी नाक्याजवळच्या आपल्या सिनेगॉगवरून मुद्दाम चालत गेले. १८७९ पासून ते तिथे उभे आहे. मी लहान असल्यापासून ते पाहत आले आणि आत कोण प्रार्थना करते हे कधी कोणाला विचारले नाही. ‘पारशी का?’ असे विचारणाऱ्यांत मीही सहज असू शकले असते. त्याबद्दल मनापासून वाईट वाटते.

आपल्या समाजाची परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पुढे दावीद राहाबी नावाचा परदेशी ज्यू आला आणि ही माणसे खरोखर कोण आहेत हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी उचलली, उरलेली बाजूला सारली, आणि त्याला उत्तर मिळाले. ही कथा मला फार मोलाची वाटते. ज्यांच्याजवळ तेव्हा हिब्रू ग्रंथ उरले नव्हते, ज्यांची बोली, लुगडी आणि स्वयंपाक कोकणचा झाला होता, त्यांना कोणी ‘तुम्ही ज्यू की इथले?’ असे विचारले असते तर त्या बायकांनाही आपल्यासारखेच उत्तर सुचले नसते. मासळी निवडताना मात्र त्यांचा हात अडखळला नाही. मासळी कोकणची होती आणि निवड मोशेच्या धर्मशास्त्राची.

म्हणून खालचा थर कोणता आणि वरचा कोणता, हे शोधत बसण्यात अर्थ आहे असे मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याच समाजातल्या लोकांनी बायबलमधल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तने रचली आणि रंगवली. त्यांना अब्राहामाची कथा सांगायची होती आणि ती सांगण्यासाठी कीर्तनाशिवाय जवळचे दुसरे काही नव्हते. इस्राएलमध्ये गेलेल्यांनी तिथे मराठी नियतकालिकही चालवले. आणि परकेपणाविषयी बोलायचे तर, तिथे पोहोचलेल्या आपल्या लोकांच्या ज्यू असण्यावरच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शंका घेतली गेली, त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्य करावे लागले. म्हणजे ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न दोन्ही किनाऱ्यांवर विचारला गेला आहे आणि आपल्या आधीच्या पिढ्या त्याला सामोऱ्या गेल्या आहेत. आपण एकटे नाही.

मुलांकडे जायचे की नाही, हा प्रश्न यापासून वेगळा ठेवा. प्रकृती, एकटेपण, ठाण्यातला मित्रपरिवार आणि पत्नी जिथे विसावली ती जागा, यांचा विचार करून तो सोडवा. अधिक खरा ज्यू होण्यासाठी जाऊ नका आणि मराठीपण हरवेल या धास्तीने थांबूही नका. मला विचाराल तर आधी तीन महिने राहून यावे आणि ठाण्याचे घर तोवर आवरू नये.

नातवाला मात्र उत्तर थांबवून ठेवू नका. त्याला आपले आडनाव सावकाश उच्चारायला लावा. शेवटचा ‘कर’ बाजूला केला की जे उरते ते कोकणातल्या एका गावाचे नाव आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, आपल्याकडे अशी किती तरी आडनावे आहेत. पडद्यावर नकाशा उघडून ते गाव त्याला शोधू द्या. मग एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने होणाऱ्या मलिद्याची गोष्ट काढा. हिब्रूत प्रार्थना म्हणून झाल्यावर जे ताट पुढे येते त्यात भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, वेलची आणि फळे असतात. त्याच्या आईने तिकडे तो कधी केला असेल, तर त्याने पोहे खाल्लेही असतील. ते पोहे तिथवर कुठून आले, हे त्याला आजवर कोणी सांगितले आहे का, एवढे विचारून मला जरूर कळवा.